जुना संगणक आणि मुक्त कार्यप्रणाली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या कार्यप्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली. २०१५ च्या जुलै महिन्यात आलेली ही प्रणाली घराघरांतून, शाळांतून आणि लहान कचेऱ्यांतून चांगली रुळली होती. घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष मिळण्याची सवलत कंपनीने ठेवली. पण सवलत म्हणजे उपाय नव्हे. पुढची विंडोज ११ बसवावी, तर टीपीएम २.० या नावाची सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते आणि प्रोसेसरही साधारणपणे २०१७ च्या अखेरीनंतरचाच चालतो. त्यामुळे ज्याचा पडदा स्वच्छ आहे, ज्याच्या कळफलकाची एकही कळ निखळलेली नाही, ज्यावर आदल्या दिवसापर्यंत मुलांचे निकाल तयार होत होते, असा धडधाकट संगणक एका दिवसात कालबाह्य ठरला. यंत्र बिघडले नाही. त्याची काळजी वाहणारे कोणी उरले नाही, एवढेच.

अशा यंत्राचे काय करावे, हा प्रश्न श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी उपस्थित झाला असेल. नवे यंत्र घ्यावे, तर मध्यम स्थितीतील कुटुंबाला किंवा वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयाला तो खर्च सहज सोसणारा नाही. जुन्याच प्रणालीवर तसेच रेटावे, तर तिच्यात नित्य उघडकीस येणारी छिद्रे बुजविणारे कोणी नाही. त्याच यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी नसलेल्या घरात दागिने ठेवणे होय. तिसरी वाट आहे ती युनिक्सच्या घराण्यातील मुक्त कार्यप्रणालीची. लिनक्स हे त्या घराण्यातील सर्वांत प्रसिद्ध नाव. पण या वाटेवर पाऊल टाकताच माणूस गोंधळतो, कारण तेथे एक दार नाही, शेकडो आहेत. डेबियन, उबंटू, मिंट, फेडोरा, आर्च, फ्रीबीएसडी. आणि प्रत्येक दारात उभा असलेला भक्त आपलेच देवस्थान जागृत असल्याचे सांगतो. त्या सर्वांचे ऐकत बसण्यापेक्षा निवडीची कसोटी आधी ठरवावी, हे बरे. ती कसोटी नावाची नाही आणि रूपाचीही नाही. या प्रणालीची देखभाल कोण करणार, किती वर्षे करणार आणि अडल्यावर हाक मारावयास जवळ कोण आहे, एवढीच ती कसोटी आहे.

यंत्राची स्मृती, तबकडी, पडदा, छापयंत्र यांचा कारभार पाहणारा आणि आपण वापरतो त्या निरनिराळ्या कार्यक्रमांना त्यांचा वाटा देणारा जो मूळ कारभारी, त्याला कार्यप्रणाली म्हणतात. ती ‘मुक्त’ आहे असे म्हटले, की पुष्कळांना ती फुकट आहे एवढेच कळते. इंग्रजीत या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्याने तेथील लोकांना हा भेद पुनःपुन्हा समजावून द्यावा लागतो. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन वेगळे शब्द आयतेच आहेत, तेव्हा आपण तरी गोंधळ करू नये. फुकट मिळालेली वस्तू देणारा उद्या परत घेऊ शकतो. मुक्त प्रणालीचा मूळ मजकूर मात्र सर्वांपुढे उघडा असतो. ती कोणत्याही कामासाठी चालविण्याचा, तिच्यातील युक्ती समजून घेण्याचा, तीत फेरफार करण्याचा आणि ती दुसऱ्याला देण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला असतो. तो हक्क एका कंपनीचा विचार बदलला म्हणून नाहीसा होत नाही.

या प्रणालींचे मूळ ज्या यंत्रावर रुजले, ते यंत्रही कोणाला नको असलेलेच होते. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेने १९६९ साली एका अवाढव्य प्रणालीच्या प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्या प्रकल्पावर काम केलेले केन थॉम्पसन यांना संस्थेत पीडीपी-७ नावाचा, फारसे कोणी न वापरणारा एक लहान संगणक सापडला, आणि त्यावर त्यांनी डेनिस रिची आदी सहकाऱ्यांच्या साहाय्याने नवी, आटोपशीर प्रणाली उभी केली. तीच युनिक्स. त्या यंत्राची स्मृती अठरा बिटांच्या आठ हजार शब्दांची होती. आज चार जीबी रॅमच्या ज्या संगणकाला आपण जुना म्हणून नाके मुरडतो, त्याची स्मृती तिच्या दोन लाख पटींहून अधिक आहे. स्मृतीची अशी ओढाताण असल्यामुळेच युनिक्सच्या कर्त्यांना काटकसर शिकावी लागली: प्रत्येक साधन लहान असावे, त्याने एकच काम करावे पण ते नीट करावे, आणि मोठे काम अशा लहान साधनांची जुळणी करून पार पाडावे. १९७३ साली ही प्रणाली सी या भाषेत नव्याने लिहिली गेली, आणि मग ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणे सुकर झाले.

बेल लॅबोरेटरीजची मालक असलेली एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीने बांधलेली असल्यामुळे तिला संगणकाचा धंदा करता येत नव्हता. म्हणून युनिक्स विद्यापीठांना अल्प किमतीत आणि मूळ मजकुरासह मिळत गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत तिच्यात पुष्कळ भर पडली. त्या शाखेची आवृत्ती बीएसडी म्हणून ओळखली जाते. १९८४ साली कंपनीचे विभाजन झाले, जुने बंधन सुटले आणि युनिक्स ही विकावयाची वस्तू झाली. तिचा मजकूर पेटीत बंद होऊ लागला. ही प्रवृत्ती आधीच ओळखून मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली होती. युनिक्ससारखी, पण तिचा एकही शब्द न उचललेली, सर्वस्वी मुक्त अशी प्रणाली रचण्याचा तो संकल्प होता. आठ वर्षांत त्याचे बहुतेक सर्व अवयव तयार झाले. राहिला तो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लायनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून असा एक गाभा लिहीत असल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी त्याने तो ग्नूच्या परवान्याखाली आणला आणि दोन अर्धी कामे मिळून एक पूर्ण काम झाले. बर्कलेची शाखा मात्र त्याच सुमारास, १९९२ ते १९९४ या काळात, कोर्टकचेरीत अडकली होती. लिनक्सला वाट मोकळी मिळाली त्याचे हे एक मोठे कारण होय, असे पुष्कळ जाणकार मानतात.

आता निवडीकडे वळू. लिनक्स हे नाव वस्तुतः गाभ्याचे. त्या गाभ्याभोवती शेकडो साधने जमवून, ती एकमेकांशी जुळतात हे तपासून, घरी बसविता येईल असा जो संच कोणी एक संस्था तयार करते, त्याला वितरण किंवा बोलीभाषेत डिस्ट्रो म्हणतात. एकाच बाजारातून तांदूळ, डाळ, भाजी सर्व खानावळवाले आणतात. फरक असतो तो रांधण्यात, वेळ पाळण्यात आणि कधी खानावळ बंद राहणार याची आगाऊ सूचना देण्यात. तांदळाची जात विचारून कोणी खानावळ धरीत नाही. रोज वेळेवर पान मांडले जाते ना, आणि पोटाला सोसते ना, हे पाहतात. डिस्ट्रोचेही तसेच आहे.

वेळ पाळण्याचे महत्त्व किती, हे सेंटओएसच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. ही डिस्ट्रो अनेक विद्यापीठे व कंपन्या आपल्या सर्व्हरवर डोळे मिटून वापरीत असत. तिची आठवी आवृत्ती २०१९ साली निघाली. २०२९ पर्यंत तिची देखभाल होईल असा सर्वांचा समज होता. २०२० च्या डिसेंबरमध्ये, तिचा सांभाळ करणाऱ्या रेड हॅट कंपनीने ती २०२१ च्या अखेरीस थांबविण्यात येईल असे जाहीर केले. वापरणाऱ्यांची तारांबळ उडाली. तथापि मूळ मजकूर मुक्त असल्यामुळे वर्ष उलटण्याच्या आत अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स अशी दोन वितरणे तिच्या जागी उभी राहिली. या एका प्रसंगात मुक्त प्रणालीची उणीव आणि तिचे बळ अशी दोन्ही दिसतात.

डेबियन हे १९९३ साली सुरू झालेले वितरण कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाही. सुमारे एक हजार स्वयंसेवक ते लिखित घटनेप्रमाणे, आपला प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडून चालवितात. त्याची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते, घाईने नव्हे, आणि प्रत्येक आवृत्तीची देखभाल एकूण पाच वर्षे होते. त्याच्या भांडारात साठ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. उबंटू हे २००४ साली याच डेबियनच्या पायावर कॅनॉनिकल या कंपनीने उभे केले; एके काळी ही कंपनी आपल्या तबकड्या टपालाने जगभर विनामूल्य पाठवीत असे, ती योजना २०११ साली बंद झाली. उबंटूच्या ज्या आवृत्त्यांना दीर्घ मुदतीच्या म्हणतात, त्या दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघतात व त्यांची देखभाल पाच वर्षे होते. लिनक्स मिंट हे २००६ मधले, उबंटूच्याच आधाराने चालणारे वितरण. विंडोजवरून येणाऱ्याला त्याची मांडणी परकी वाटत नाही: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादी, उजवीकडे घड्याळ. याच्या उलट फेडोराची प्रत्येक आवृत्ती जेमतेम तेरा महिने सांभाळली जाते, आणि आर्चमध्ये आवृत्ती अशी नसतेच, बदलांचा ओघ अखंड चालू असतो. ज्याला प्रणालीचे अंतरंग पाहावयाचे आहे त्याला आर्च शिकवील पुष्कळ. पण ज्या यंत्रावर सहामाहीचे गुण भरावयाचे, त्या यंत्रावर ते शिक्षण घेऊ नये.

बर्कलेच्या शाखेतून आलेल्या फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी याही उत्तम आणि शिस्तीच्या प्रणाली आहेत. त्यांची माहितीपुस्तके तर आदर्श म्हणावीत अशी आहेत. परंतु घरगुती लॅपटॉपचे वाय-फाय आणि इतर उपांगे त्यांच्यावर चालतीलच असे नाही, म्हणून पहिल्या अभ्यासासाठी त्या बाजूला ठेवलेल्या बऱ्या. आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेने २००७ पासून बॉस नावाचे वितरण काढले आहे; तेही डेबियनवरच आधारलेले असून भारतीय भाषांची सोय हा त्याचा हेतू आहे. ते स्वदेशी आहे ही आनंदाची गोष्ट होय, तथापि कसोटी त्यालाही तीच लावावी: शेवटची दुरुस्ती केव्हा आली, हे पाहून मग ठरवावे.

यंत्राची कुवतही पाहावी लागते. चार जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई नावाची हलकी मांडणी घ्यावी. आठ असेल तर मिंटची नेहमीची सिनॅमन सुखाने चालते. अगदी जुनी, ३२-बिट जातीची यंत्रे आता अडचणीत आली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन १३ पासून त्यांच्यावर प्रणाली नव्याने बसविण्याची सोय उरलेली नाही. आणि एक व्यवहाराची गोष्ट. यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी घातल्याने जो फरक पडतो, तो कोणतीही डिस्ट्रो बदलून पडत नाही.

अखेर शेजाऱ्याचा मुद्दा राहिला. गावात, नात्यात किंवा शाळेत जो कोणी जाणता असेल, तो जी डिस्ट्रो वापरतो तीच पहिल्याने घ्यावी. कागदावर सरस ठरलेल्या, पण जवळ कोणालाच न कळणाऱ्या प्रणालीपेक्षा हे केव्हाही हिताचे. असा जाणता कोणी नसेल, तर घरासाठी मिंट आणि शाळा-वाचनालयासाठी डेबियन असा सर्वसाधारण कौल द्यावयास हरकत नाही. वाचनालयांना आणखी एक लाभ आहे. न्यूझीलंडमधील एका लहान ग्रंथालयसंस्थेसाठी तयार झालेला आणि २००० च्या जानेवारीत सुरू झालेला कोहा हा ग्रंथालयाचा कार्यक्रम मुक्त आहे आणि डेबियनवर तो उत्तम चालतो. देवनागरीतील ग्रंथनामे त्याला वर्ज्य नाहीत. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट.

काय चालणार नाही, हेही सांगितले पाहिजे. टॅली वापरणाऱ्या दुकानदाराने ही वाट विचार करून धरावी, कारण तो कार्यक्रम विंडोजसाठी आहे. डिजिटल सहीची टोकने, बोटांचे ठसे घेणारी यंत्रे, काही छापयंत्रे व स्कॅनर यांचे चालक कार्यक्रम सर्वच कंपन्या लिनक्ससाठी देत नाहीत. मराठी माणसाच्या बाबतीत एक वेगळीच अडचण येते. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या साधनांच्या जुन्या फॉन्टांत टंकित केलेला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. त्या त्या फॉन्टाचा संकेत वेगळा. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच स्मरणिका, तेच इतिवृत्त अगम्य चिन्हांचा ढीग होऊन बसते. असा मजकूर जुनी प्रणाली पुसण्यापूर्वी, ती हाताशी असतानाच, युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा. हे काम ‘पुढे पाहू’ म्हणून टाकलेल्या संस्थांच्या दप्तराचे वाचन पुढे कोणालाच करता येत नाही.

मराठी लिहिण्याची सोय मुक्त प्रणालींत चांगली आहे, आणि ती आपोआप झालेली नाही. राचोल येथे १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. आज खिळ्यांची अडचण नाही. रेड हॅट कंपनीने मुक्त केलेला लोहित, मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त, असे देवनागरी फॉन्ट कोणालाही वापरता येतात. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांच्या याद्या मराठीत मिळतात. त्यांतील शब्द स्वयंसेवकांनी बसविलेले आहेत, आणि एखादा शब्द ओबडधोबड वाटला तर तो सुधारून पाठविण्याची मुभाही आहे. तरीसुद्धा पुष्कळ सुशिक्षित मराठी माणसे आपापसांत रोमन अक्षरांतच लिहितात, ही मात्र खिळ्यांची अडचण नव्हे.

टंकनासाठी इनस्क्रिप्ट ही सरकारने प्रमाण मानलेली कळफलकाची मांडणी शिकावी. ती लिनक्समध्ये अंगभूत असते. कळफलकाच्या मांडणीत मराठी जोडली की झाले. डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने, अशी तिची रचना वर्णमालेला धरून आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांना तिचा विशेष उपयोग आहे, कारण सर्व भारतीय लिप्यांसाठी कळांच्या जागा त्याच आहेत. बेळगावचा मुलगा ज्या कळेने मराठी ‘क’ काढतो, त्याच कळेने कन्नड ‘क’ निघतो. हैदराबादेत तेलुगू आणि वडोदऱ्यात गुजराती तशीच. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद राखणारा र तर केवळ आपल्यासाठीच ठेवल्यासारखा आहे: र ची कळ शिफ्टसह दाबावी, मग हलन्त, मग य. विद्वानांना पाठविलेले निमंत्रण स्वयंपाक्यांना जाऊ नये, म्हणून एवढे श्रम घ्यावेत.

प्रत्यक्ष बसविण्यापूर्वी परीक्षा करून पाहता येते. डिस्ट्रोच्या अधिकृत ठिकाणाहून तिची प्रतिमा उतरवावी, सोबत दिलेल्या पडताळणीच्या आकड्याशी ती जुळते हे तपासावे, आणि आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती लिहावी. त्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केले असता प्रणाली रॅममध्येच चालते. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, छापयंत्र ओळखले जाते का, हे सर्व एका संध्याकाळी पाहून घ्यावे. नंतर छायाचित्रे, प्रमाणपत्रे, हिशेब यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी कराव्यात आणि त्या उघडतात याची खात्री करावी. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची परतावा-किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी. डिस्क पुसण्याची अनुज्ञा मागणारा प्रश्न आला म्हणजे तो दोनदा वाचावा. या प्रश्नाला घाईने होकार देऊन घरातील दहा वर्षांची छायाचित्रे गेल्याचे प्रकार घडतात, आणि त्याचा दोष प्रणालीला देता येत नाही.

आता अभ्यास. पहिला महिना चित्रांवर टिचक्या मारून नेहमीची कामे करण्यात जावा, यात कमीपणा नाही. पण तेवढ्यावर थांबणारा माणूस भाड्याच्या घरातून भाड्याच्या घरातच गेला असे होईल. खरी ओळख पटते ती टर्मिनल उघडून आज्ञा लिहू लागल्यावर. तेथे प्रथम काही कल्पना नव्याने बसवाव्या लागतात. विंडोजमध्ये सी, डी अशी वेगवेगळी खाती असतात. युनिक्समध्ये एकच झाड असते. एका तिरप्या रेघेने दाखविलेले मूळ, आणि त्याला फुटलेल्या फांद्या. पेनड्राइव्ह लावला तरी तोही त्याच झाडाची एक फांदी होतो. छापयंत्र, तबकडी, कळफलक यांसारखी उपांगेसुद्धा या झाडावर फाइलींच्या रूपाने दिसतात. नावांत इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरे भिन्न मानली जातात. आपल्या लिपीत हा भेदच नसल्याने प्रारंभी चूक होते ती बहुधा येथेच.

दुसरी कल्पना हक्कांची. प्रत्येक फाइलीला एक मालक, एक गट आणि बाकीचे सर्व असे तीन वर्ग असतात, आणि प्रत्येक वर्गाला वाचणे, लिहिणे, चालविणे यांपैकी कोणते हक्क हे ठरलेले असते. सर्वाधिकारी एकच, त्याला रूट म्हणतात. सामान्य वापरणाऱ्याने त्याचा अधिकार गरजेपुरता, सुडो या आज्ञेने, उसना घ्यावयाचा. शाळेतील एका यंत्रावर चाळीस मुले बसूनही एकाची वही दुसऱ्याने खोडली नाही, ती याच व्यवस्थेमुळे. कार्यक्रम हवा असला तर तो कोठून तरी उतरवावयाचा नाही. वितरणाच्या भांडारातून मागवावयाचा. तेथील वस्तू सहीशिक्क्यासह येते आणि तिच्या दुरुस्त्याही मग तेथूनच मिळतात.

तिसरी आणि सर्वांत गोड गोष्ट नळीची. डग मॅकइलरॉय यांच्या आग्रहाने १९७३ साली युनिक्समध्ये पाइप आले. कळफलकावरील उभ्या रेघेने एका साधनातून निघालेला मजकूर दुसऱ्या साधनात सोडता येतो. समजा, एका फाइलीत ओळीला एक याप्रमाणे विद्यार्थ्यांच्या गावांची नावे आहेत, आणि कोणत्या गावचे किती विद्यार्थी हे हवे आहे. सॉर्ट ही आज्ञा नावे क्रमाने लावते, त्यामुळे एकाच गावाची नावे शेजारी येतात. युनिक ही आज्ञा शेजारच्या सारख्या ओळी एकत्र करून, सांगितल्यास, त्यांची संख्या लिहिते. ती केवळ लगतच्याच ओळी पाहत असल्यामुळे आधी सॉर्ट करणे भाग असते. मग संख्येवरून पुन्हा एकदा सॉर्ट करावे, की सर्वांत मोठी संख्या टोकाला. तीन लहान आज्ञा, मध्ये दोन उभ्या रेघा, आणि दुपारभराचे काम क्षणात होते. एक गंमत सांगण्यासारखी आहे. युनिकोडच्या केवळ अंकानुक्रमाने लावल्यास ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो, मराठी वर्णमालेत त्याची जागा ‘ह’च्या नंतर आहे. मराठी सूची छापताना हे स्मरणात ठेवावे.

या सर्व आज्ञांचे शिक्षक यंत्रातच बसलेले असतात. मॅन ही आज्ञा लिहून पुढे कोणत्याही आज्ञेचे नाव दिले, की तिचे माहितीपत्र उघडते. युनिक्सचे पहिले माहितीपुस्तक थॉम्पसन आणि रिची यांनी ३ नोव्हेंबर १९७१ रोजी काढले. आजच्या माहितीपत्रांची ठेवण अजून तीच आहे. भाषा रुक्ष असते, उदाहरणे थोडी असतात, आणि पहिल्या वाचनात निम्मे कळत नाही. तरी ते वाचण्याची सवय लावावी, कारण दुसरी सवय धोक्याची आहे. कोणीतरी कोठेतरी लिहिलेली, किंवा हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने तत्परतेने सुचविलेली आज्ञा अर्थ न पाहता चिकटवावयाची, ही ती सवय. आरएम ही आज्ञा फाइल पुसते. टर्मिनलमध्ये कचऱ्याची टोपली नसते, पुसलेले परत येत नाही. तिच्यापुढे दोन अक्षरे जोडली की ती सबंध फांदी न विचारता तोडते. आज्ञेतील प्रत्येक शब्दाचा अर्थ माहितीपत्रात पाहून मगच ती चालवावी. रोज अर्धा तास, एक वही, आणि वहीत स्वतःच्या शब्दांत उतरवलेल्या दोन आज्ञा, या बेताने तीन महिन्यांत पन्नासएक आज्ञा हाताखालच्या होतात, आणि घरगुती कामाला त्या पुरून उरतात.

हा अभ्यास केवळ जुन्या यंत्रापुरता राहत नाही. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातील पाचशे सर्वांत समर्थ महासंगणकांच्या यादीतील एकूण एक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्स आहे. इंटरनेटवरील बहुसंख्य सर्व्हरही या घराण्यातलेच. त्यामुळे म्हापशाच्या किंवा ग्वाल्हेरच्या एखाद्या घरात टाकाऊ ठरलेल्या लॅपटॉपवर जी मुलगी सॉर्ट आणि ग्रेप शिकते, तिला पुढे मोठ्या संशोधनसंस्थेत गेल्यावर त्याच आज्ञा, त्याच अक्षरांत, पुन्हा भेटतात.

प्रणाली बसली, चालू लागली, म्हणजे एक चिठ्ठी लिहून यंत्राच्या पाठीला चिकटवावी. तिच्यावर डिस्ट्रोचे नाव, आवृत्ती, बसविल्याची तारीख आणि देखभाल संपण्याचे साल असावे: मिंटच्या बाविसाव्या मालिकेसाठी २०२९, डेबियन १३ साठी २०३०. त्या सालाच्या सहा महिने आधी पुढच्या आवृत्तीची तयारी सुरू करावी, आणि त्यापूर्वी पुन्हा दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी.